पाण्यासाठी राज्यघटना बदलून घेणारी माणसं

स्वच्छ पाण्यासाठी जगभर झटणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये मला सर्वांत मोलाचे वाटतात ते उरुग्वेचे! दक्षिण अमेरिकेतला हा देश जेमतेम 35 लाख वस्तीचा. तिथल्या मालदोनादो भागात पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडे गेला आणि दर भडकले. 2002 मध्ये सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला दिलेल्या पत्रातून देशभर असंच होण्याची चिन्हं दिसली. तेव्हा पाणीखात्यातले कामगार, पर्यावरणवादी आणि साधे रहिवासी एकत्र आले.

उरुग्वेत दहा टक्के मतदारांच्या सह्या जमल्या, तर घटनादुरुस्तीवर सार्वमत घ्यावंच लागतं. या मंडळींनी त्या जमवल्या. 31 ऑक्टोबर 2004 रोजी 60 टक्क्यांहून जास्त मतदारांनी कौल दिला, आणि पिण्याचं पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचं राज्यघटनेच्या कलम 47 मध्ये लिहिलं गेलं. नळाचं पाणी पुरवण्याचं काम फक्त सरकारी यंत्रणेकडेच राहील, हेही त्यात आलं.

संयुक्त राष्ट्रांनी हा हक्क मान्य केला तो 28 जुलै 2010 रोजी. ठराव बोलिव्हियाचा, बाजूने भारतासह 122 देश, तटस्थ 41, विरोधात कुणीच नाही.

पण 2023 च्या दुष्काळात राजधानी मोंतेविदेओच्या नळांना खारट पाणी आलं. धरण आटलं, म्हणून खाडीचं पाणी मिसळावं लागलं. लोक पुन्हा रस्त्यावर उतरले. कलम मिळवणं जितकं गरजेचं, तितकंच नदी आणि धरण राखणंही, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या गावात पाण्यासाठी कुणी असं काम करत असेल, तर त्यांच्याबद्दल जरूर लिहा.