घर एका शहरात, बेस दुसऱ्यात

अमेरिकेत 2022-23मध्ये वैमानिकांची भरती जोरात होती. 2024मध्ये बोइंगची विमानं वेळेवर मिळेनात, तेव्हा युनायटेड एअरलाइन्सनं नव्या वैमानिकांचे वर्ग काही काळ थांबवले. अशा वेळी मिळेल ती कंपनी धरावीशी वाटते. तरी घराजवळ बेस, म्हणजे वैमानिकाची ड्युटी जिथून सुरू होते तो विमानतळ, असलेली कंपनी आधी पाहावी. कंपनी बदलली की ज्येष्ठता शून्यावर येते, आणि यादीच्या तळाशी असलेल्याला बेस निवडायला फारसा वाव नसतो. मग बेसजवळ भाड्याची खाट, आणि विमानात एखादी सीट किंवा कॉकपिटमधली जादा सीट रिकामी असली तरच घर. 2009मध्ये बफेलोजवळ कोसळलेल्या विमानाची सहवैमानिक अशीच सिॲटलहून रात्रभर प्रवास करून ड्युटीसाठी नेवार्कला आली होती. पुढे वैमानिकांचा थकवा टाळण्यासाठी ड्युटीचे नियम कडक झाले. घर ते बेस हा प्रवास मात्र आजही ड्युटीत धरत नाहीत.