मानेतली गाठ आणि बर्फावरचा खेळाडू

मानेतली गाठ दाखवायला येणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, ‘‘डॉक्टर, दुखत नव्हती म्हणून दाखवली नाही.’’ अशा वेळी मला मारिओ लेम्यू आठवतो.

हा कॅनडाचा हॉकीपटू, अमेरिकेतील पिट्सबर्ग पेंग्विन्स संघाचा कर्णधार. हॉकी म्हणजे आपली मैदानी नव्हे, बर्फावरची. बुटांना पोलादी पाती आणि चेंडूऐवजी रबरी चकती. १९९१ आणि १९९२ साली त्याच्या संघाने स्टॅन्ले कप जिंकला. जानेवारी १९९३ मध्ये, ऐन २७ व्या वर्षी, त्याच्या मानेतल्या गाठीचे निदान झाले. हॉजकिन्स, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग!

त्याच्यावर किरणोपचार झाले. आपले रुग्ण त्याला ‘लाइट देणे’ म्हणतात. २ मार्चला शेवटचा लाइट घेऊन लेम्यू त्याच दिवशी विमानाने फिलाडेल्फियाला गेला आणि रात्री खेळला. गोलही केला. प्रतिस्पर्ध्यांच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्या हंगामात फक्त ६० सामन्यांत १६० गुण मिळवून तो सर्वांच्या पुढे राहिला. (माझ्या रुग्णाला मात्र मी अशी धावपळ करू देणार नाही.)

१९९७ मध्ये तो निवृत्त झाला, २००० अखेर परतला आणि २००६ मध्ये हृदयाचे ठोके अनियमित पडू लागल्याने कायमचा थांबला. आजाराच्याच वर्षी त्याने काढलेली संस्था कर्करोग संशोधनाला मदत करते. आजारी मुलांसाठी रुग्णालयांत खेळघरेही उभारते.

हॉजकिन्स हा बऱ्या होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे, वेळेत सापडला तर फारच. आपल्याकडे मानेतली गाठ क्षयाचीही असते. पण न तपासता क्षयाची औषधे सुरू करणे किंवा चुना-गुळाचा लेप लावत बसणे, दोन्ही चूक. मान, काख किंवा जांघेतली गाठ दोन-तीन आठवड्यांत जिरली नाही, वाढत गेली, सोबत ताप, रात्री दरदरून घाम किंवा वजनात घट असली, तर लगेच दाखवा. दुखत नसली तरी! डॉक्टर बहुधा आधी सुईने तपासतील आणि गरज पडल्यास गाठ काढून प्रयोगशाळेत पाठवतील. ‘सुई लावली की रोग पसरतो’ असे कुणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नका.