हवाई अंतर व उड्डाणकाल

दोन विमानतळांमधील, भूपृष्ठावरून मोजलेल्या लघुतम अंतरास हवाई अंतर आणि एका विमानतळावरून दुसऱ्यावर पोहोचण्यास विमानास लागणाऱ्या वेळास उड्डाणकाल म्हणतात. अंतर भूमितीने ठरते व स्थिर असते. उड्डाणकाल मात्र वारा, विमानाचा वेग व उपलब्ध मार्ग यांनुसार बदलतो. विमानात किती इंधन भरावयाचे हे अंतरापेक्षा उड्डाणकालावर अधिक अवलंबून असल्याने हा भेद महत्त्वाचा ठरतो. मुंबई-लंडन मार्गावरून तो स्पष्ट होतो.

अंतर : पृथ्वी जवळजवळ गोल असल्याने तिच्या पृष्ठावरील दोन स्थानांमधील लघुतम मार्ग हा बृहत् वर्तुळाचा, म्हणजे पृथ्वीचा मध्य हाच मध्य असलेल्या वर्तुळाचा, कंस असतो. दोन्ही स्थानांच्या अक्षांश-रेखांशांवरून या कंसाने पृथ्वीच्या मध्याशी केलेला कोन काढता येतो. मुंबई व लंडन (हीथ्रो) या विमानतळांसाठी तो सु. ६४.९° येतो. बृहत् वर्तुळावरील एक अंश म्हणजे सु. १११.२ किमी.; म्हणून हवाई अंतर सु. ७,२०० किमी. भरते. मर्केटर प्रक्षेपावरील नकाशात हा लघुतम मार्ग उत्तरेकडे फुगलेला, म्हणून लांबचा भासतो. प्रत्यक्षात नकाशावरील सरळ रेषाच अधिक लांब असते.

मार्ग : हा कंस पाकिस्तान, इराण, कॉकेशस, युक्रेन, पोलंड व जर्मनी या प्रदेशांवरून जातो. तथापि विमानांना तो जसाच्या तसा अनुसरता येतोच असे नाही. २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र काही महिने बंद ठेवले होते व एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद केले. युक्रेनचे हवाई क्षेत्र फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धामुळे नागरी वाहतुकीस बंद झाले. अशा वेळी वळसा घ्यावा लागून वेळ व इंधनखर्च वाढतो.

उड्डाणकाल : जेट विमाने सु. १० ते १२ किमी. उंचीवरून ताशी सु. ९०० किमी. वेगाने जातात. या उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोतवारे वाहतात. वारा नसल्यास ७,२०० किमी. अंतरास ८ तास लागतील. ताशी १०० किमी. वारा समोरून असल्यास ९ तास, तर पाठीमागून असल्यास ७ तास १२ मिनिटे लागतील. म्हणजे प्रतिकूल वाऱ्याने ६० मिनिटे जातात, पण तितक्याच अनुकूल वाऱ्याने केवळ ४८ मिनिटे वाचतात. वेळापत्रकातील वेळ याहून जास्त असते. कारण तीत धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण व मार्गातील वळणे यांचाही समावेश असतो.

वेळापत्रकात दोन्ही टोकांस स्थानिक वेळ दिलेली असते. भारतीय प्रमाण वेळ ग्रिनिच वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. त्यामुळे हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ वाजता निघून लंडनला सायंकाळी ६.३० वाजता पोहोचणाऱ्या विमानाचा प्रवास साडेचार तासांचा नसून १० तासांचा असतो. उन्हाळ्यात ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे असल्याने दोन्ही ठिकाणच्या वेळांतील फरक ४ तास ३० मिनिटे राहतो.

एअर इंडिया इंटरनॅशनलने ८ जून १९४८ रोजी या मार्गावरील सेवा सुरू केली, तेव्हा तिची कॉन्स्टेलेशन जातीची पंखेवाली विमाने कैरो व जिनीव्हा येथे थांबत. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमाने आल्यावर प्रवासाचा वेळ बराच घटला. पुढे मधले थांबे न घेता जाणारी विमाने आली. अंतर मात्र तेवढेच राहिले आहे.