दातांची बाराखडी, भाग ९ : मिशरी बसून, ब्रश उभ्यानं

रात्रीच्या ब्रशावर या आठवड्यात लिहीन असं कबूल केलं होतं. तो विषय राहू द्या. झोपण्याआधी ब्रश न करणारे आणखी आठ दिवस तसेच झोपतील, आजवर झोपत आलेच आहेत. गेल्या भागात बोटानं दात घासणाऱ्यांचा ओझरता उल्लेख आला आणि फोंडशिरसच्या एका वाचक वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, ‘पेस्ट किती घ्यायची, ब्रश कसा धरायचा, सगळं वाचलं. पण आमच्या सासूबाई दिवसातनं चारदा मिशरी लावतात, आता जाऊबाईंनाही सवय लागलीय. त्यांना कुठल्या तोंडानं ब्रश घ्या म्हणू?’ प्रश्न रास्त आहे. नातेपुत्यात बसून दातांवर लेखमाला लिहायची आणि मिशरीला बगल द्यायची, म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागा न बघता परत येण्यातलाच प्रकार.

गाव सोडून पुण्या-मुंबईत वाढलेल्या पोरांसाठी आधी कृती सांगतो. तंबाखू लोखंडी तव्यावर कोरडी भाजायची. ठसका असा उठतो की शेजारच्या घरातही कळतं, म्हणून हे काम बहुधा मागच्या दाराला, पोरं शाळेत गेल्यावर. पान काळं पडून बोटांत चुरगळायला लागलं की तवा उतरवायचा. निवल्यावर हातानं चुरून किंवा पाट्यावर वाटून फडक्यातून गाळायचं. ही पूड डबीत. डबी बामची, कुंकवाची, काही घरांत आईकडून आलेली पितळेची. चिमूटभर पूड डाव्या तळहातावर घ्यायची, उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं दातांवर आणि हिरड्यांवर फिरवायची आणि मग गप्प बसायचं. थुंकायचं, पुन्हा गप्प बसायचं. शेवटी चूळ.

दवाखान्यात तपासायच्या खुर्चीवर बाई बसली की ‘तंबाखू खाता का?’ हा प्रश्न मी विचारतच नाही. त्याचं उत्तर ठरलेलं आहे : ‘न्हाय वो डॉक्टर, तंबाकू आनि आमी? नुसती मिसरी लावती.’ खोटं बोलत नसतात त्या. त्यांच्या लेखी तंबाखू म्हणजे चुना लावून मळायची, गडीमाणसांची. मिशरी म्हणजे दात घासायचं साधन, राखुंडीच्या आणि मिठाच्या पंगतीतलं. म्हणून मी विचारतो, ‘मावशी, दात कशानं घासता?’ मग डबी कमरेच्या कनवटीतून बाहेर येते, कधी अभिमानानं, कधी जरा लपवत. तरुण सुना बहुधा लपवतात. सोबत नवरा असेल तर तो बाहेर जाईपर्यंत त्या काही बोलत नाहीत.

तोंड उघडलं की निम्मी गोष्ट दिसतेच. समोरच्या दातांचे बाहेरचे भाग घासून गुळगुळीत, हिरडीच्या कडेला तपकिरी रेघ, हिरडी खाली उतरून दाताचं पिवळसर मूळ उघडं पडलेलं. आरसा आत घातला की दातांच्या मागच्या अंगाला कीटण साचलेलं असतं. ‘दगड चढलाय’ म्हणतात ते हेच. बोट तिथवर वळत नाही, आणि दोन दातांच्या फटीत तर कुणाचंच बोट जात नाही. दात किडायला आणि हिरडी सुजायला सुरुवात होते ती नेमकी या फटीत. मग मी ओठ बाजूला ओढून एक जागा शोधतो : बोट रोज जिथं टेकतं ती. तिथली कातडी पुष्कळदा पांढरट, सुरकुतलेली, हात लावला तर खरखरीत लागते. दुखत नाही, म्हणून बाईला माहीतच नसते. मी आरसा तिच्या हातात देतो आणि ती जागा तिची तिला बघू देतो. दहा वाक्यांचं काम ते एक बघणं करतं.

या पांढऱ्या डागाला हलकं समजू नये. न ओढता वापरायची तंबाखू, मग ती चघळलेली असो की लावलेली, माणसाला कर्करोग देते यात आता वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तिला अगदी पहिल्या गटात टाकलं आहे. ‘भाजल्यावर त्यातलं विष जळून जातं’ हे मी अनेक अंगणांत ऐकलं आहे. जळत काही नाही. उलट भाजताना धुरातली काजळीसारखी आणखी द्रव्यं त्यात तयार होतात. आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांत जाऊन, माणसांना भेटून नोंदी करायच्या ही त्यांची रीत. बायाबापड्या न दुखणाऱ्या डागासाठी आपण होऊन दवाखान्याची पायरी चढत नाहीत, हे त्यांनी पुरतं ओळखलं होतं.

पण फोंडशिरसच्या वहिनींना ‘सासूबाईंना कर्करोगाची भीती घाला’ असं मी सांगणार नाही. भीतीनं डबी फडताळामागं जाते, इतकंच. आणि ‘मिशरीनं दात खराब होतात’ हेही सांगून फारसा उपयोग नाही. कारण मिशरी दातांसाठी लावतच नाहीत. पुरावा हवा असेल तर कवळी बसवायला आलेल्या एखाद्या आजीला बघा. तोंडात औषधालाही दात नाही आणि कनवटीला डबी आहे. ती काय घासते? रिकाम्या हिरड्यांवर बोट फिरवते आणि दिवस सुरू करते.

दाताचं निमित्त होतं ते सुरुवातीला. दाढ ठणकत होती, दवाखाना लांब, आईनं किंवा सासूनं चिमूट दिली, निकोटिननं जरा बधिर झालं, बरं वाटलं. दाढ पुढं पडून गेली, चिमूट राहिली. मग ती परसाकडं जाण्याशी जोडली गेली. ‘मिसरी लावल्याबिगर पोट साफ हुईत न्हाय’ ही तक्रार खोटी नाही, कारण निकोटिन आतड्यांना चाळवतं. ‘मिसरीनं हिरड्या घट्ट ऱ्हात्यात’ यातही अर्धं तथ्य आहे. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळं सुजलेली हिरडी असतानाही रक्त कमी येतं. रोग आत चालू, बाहेर शांतता. त्या बाईनं मिशरी सोडून ब्रश धरला की आठवडाभरात बेसिनमध्ये लाल दिसतं आणि ती ठरवून टाकते, ‘मला पेस्ट सोसत न्हाय.’ डबी परत येते. हे रक्त आधीपासूनच्या सुजेचं आहे, ब्रश मऊ ठेवला आणि कीटण काढून घेतलं तर ते थांबतं, हे तिला पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. रक्त दिसल्यावर सांगितलं तर उशीर झालेला असतो.

आता माझ्या आवडत्या मुद्द्यावर येतो. मिशरी लावणारी बाई उभी कधी बघितलीय? पहाटे चुलीपुढं, दुपारी जेवणं उरकल्यावर मागच्या पायरीवर, खुरपणीला गेली तर बांधावर लिंबाच्या सावलीला. ती बसते. एक गुडघा वर, डबी शेजारी, हाताशी तांब्या. तोंडात मिशरी आहे म्हणजे बोलता येत नाही आणि बोलता येत नाही म्हणजे हाकेला ओ देता येत नाही. ‘मिसरी लावतीया ती’ म्हटलं की सासूसुद्धा जरा थांबते. सबंध दिवसात कुणाला कारण न सांगता बसायला मिळणारी ही दहा-पंधरा मिनिटं. शेजारीण येऊन टेकली तर चिमूट तिलाही. अशानं ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर, विहिरीच्या कडेला किती जणींना सवय लागली, याची मोजदाद कोण करणार? मुंबईत १९९०च्या दशकात डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९९,५९८ लोकांची पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून जास्त बायका तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या. विडी-सिगारेट नव्हे, तोंडातली, आणि त्यात मिशरी सगळ्यांत पुढं. त्या चाळींत गेलेली माणसं आपल्याच भागातली. डबी त्यांच्याबरोबर एस्टीनं गेली.

याच्यासमोर आपला ब्रश ठेवा. मोरीत उभं राहून, मागं कुणीतरी ‘आवर लवकर’ म्हणतंय, चहाचं आधण उतू जायला आलंय. दोन मिनिटं म्हणून आम्ही दातवाले सांगतो, प्रत्यक्षात पाऊण मिनिट मिळतं. एकीकडं बसायला मिळणार, एकीकडं उभ्यानं उरकायचं. पेस्ट इथं पुडीशी नाही, पायरीशी झुंजते, आणि पायरी जिंकते. आरोग्याच्या भित्तिपत्रकांवर डबीवर फुली मारलेली असते. त्या पायरीचं काय करायचं ते कुठल्याच पत्रकात नसतं.

म्हणून माझ्याकडं येणाऱ्या मावश्यांना मी सांगतो : ब्रशही बसूनच करा. त्याच पायरीवर, त्याच वेळी, तोच तांब्या घेऊन. आरसा आणि बेसिन असलंच पाहिजे असं काही नाही, आपल्याकडं निम्म्या घरांत न्हाणीतच सगळं चालतं. ब्रश मऊ, पेस्ट हरभऱ्याएवढी आणि फ्लोराइडची. तोंडात फेस असला तरी हाकेला ओ देता येत नाहीच, हा फायदा कायम राहतो. पहिल्या दिवशी डबी फेकायला मी लावत नाही. अट एकच : दिवसाची पहिली चिमूट ब्रशाच्या नंतर. पेस्टच्या चवीवर मिशरी कडू लागते आणि पुष्कळजणी आपसूक ती थोडी पुढं ढकलतात. पुढं ढकललेली चिमूट कधीकधी विसरली जाते. मग दुपारची, मग संध्याकाळची. सोडल्यावरचे पहिले तीन-चार दिवस वाईट जातात : डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट अडतं. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि कोंड्यासकट भाकरी, आणि घरच्यांनी त्या आठवड्यात तिच्याशी जरा सबुरीनं वागणं. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकींचं पोट रुळतं. दवाखान्यात यायला संकोच वाटत असेल तर केंद्र सरकारची १८००-११२-३५६ ही फुकट दूरध्वनी सेवा आहे. फोनवरचा माणूस ओळखीचा नसतो, हाच तिचा गुण.

गरोदर सुनेच्या बाबतीत मात्र मी सबुरी दाखवत नाही. गुप्ता यांच्याच गटानं मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला आणि २००४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तोंडातली तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं, आणि दिवस पुरे होण्याआधी बाळंत होण्याचा धोकाही बराच वाढलेला दिसला. ‘मळमळ थांबते म्हणून लावते’ असं म्हणणाऱ्या सुनेला हे आकडे सांगा, तिच्या सासूसमोर सांगितले तर उत्तम. मळमळीवर दुसरे उपाय आहेत, ते तिला डॉक्टर देतील.

कायद्याचं विचारलंत म्हणून दोन ओळी. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारनं १९९२ साली बंदी केली. ती न्यायालयात गेली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या पुडीला ना कारखाना, ना वेष्टन. तिच्यावर धोक्याचं चित्र छापायचं तरी कुठं?

आषाढीत माउलींची पालखी बरडहून निघून धर्मपुरीला जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्याला मुक्कामाला येते, त्या दुसऱ्या दिवसाची पहाट मी सहसा चुकवत नाही. माळशिरसकडं निघायच्या आधी टँकरभोवती हजारो माणसं तोंड धूत असतात : लिंबाची काडी, राखुंडी, लाल मंजन, ब्रश. परभणी-हिंगोलीकडच्या दिंड्यांतल्या म्हाताऱ्यांजवळ थांबून बघा. डबी कनवटीला असते, चालताना हात लगेच पोचेल अशी. ब्रश असलाच तर तो पिशवीच्या तळाशी, भाकरीच्या फडक्याखाली, टोपण नसलेला, केस चहूकडं फाकलेले. मुलानं घेऊन दिलेला असतो. मी एका दिंडीतल्या आजींना म्हटलं, ‘आजी, ब्रश वर ठेवा, डबी खाली.’ त्या हसल्या. ‘आन् दिंडी चालायला लागल्यावर डबी काडायला पिशवी कोन उतरवील, तू?’ त्यांनी जागा बदलली की नाही ते कळायला मार्ग नाही, दिंडी पुढं गेली.

लाल मंजनाबद्दल मांडव्याहून विचारणा आहे : मिशरीऐवजी ते चालेल का? तंबाखू सुटत असेल तर मधल्या काळासाठी चालेल, कायमचं नको. बऱ्याच लाल मंजनांत गेरू असतो, तो खरबरीत. रोज जोर देऊन घासलं तर दाताच्या मुळाशी खाच पडते आणि मग गार पाण्यानं झिणझिण्या येतात. बोट हलकं ठेवा आणि महिन्याभरात ब्रशावर या.

रात्रीचा ब्रश पुढच्या आठवड्यात. मात्र दहिगावच्या एका गुरुजींनी बाभळीची काडी चांगली की लिंबाची, यावर चार पानी पत्र पाठवलं आहे, सोबत दोन्ही काड्या वर्तमानपत्रात गुंडाळून. त्या मी सध्या चावून बघतो आहे.