चिखलातली पंगत

कोकणातल्या खाडीकाठी तिवर, कांदळ या खारफुटीच्या झाडांची हिरवी पानं खाणारे तसे थोडेच. बहुतेक पानं पिकून चिखलात गळतात आणि खरी पंगत तिथेच बसते. खेकडे ती बिळात ओढून कुरतडतात. बुरशी, जिवाणू उरलेलं कुजवतात. त्या कुजक्या कणांवर कोळंबी पोसते, कोळंबीवर मासे, माशांवर बगळे. ऊर्जा दर पायरीला साधारण १० टक्केच पुढे सरकते. बरीचशी श्वसनात उष्णता होऊन जाते, परतत नाही. म्हणून बगळे मोजके, खेकडे उदंड. नायट्रोजन, फॉस्फरस मात्र बऱ्याच अंशी पुन्हा मुळांकडे वळतात. काही ओहोटीबरोबर समुद्रात. नवल खेकड्यांचंच! त्यांच्या बिळांतून कोंदट चिखलात प्राणवायू पोचतो आणि झाडांची मुळं तगतात.