नाव बिनचूक उमटावे म्हणून

संगमेश्वर येथे शास्त्री व सोनवी या नद्यांचा संगम होतो. संगणकातही मराठी आणि उर्दू लिप्या एकत्र नांदतात. ते कसे?

युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक असतो. १९९५ साली आलेल्या जावा या संगणकभाषेने ती आरंभापासूनच स्वीकारली. मात्र हे क्रमांक फाइलीत साठवण्याच्या रीती अनेक आहेत. लिहिताना एक व वाचताना दुसरी रीत वापरली, तर 'फातिमा' या नावाजागी भलतीच चिन्हे उमटतात. शाळेच्या दाखल्यावर असे झाले तर?

म्हणून जाणकार 'यूटीएफ-८' ही रीत आज्ञावलीत स्पष्ट नोंदवतात. २०२२ च्या जावा १८ पासून ती आपोआप लागू होते. जुन्या जावात सांगावी लागते. मग 'जेयुनिट' या साधनाने दोन्ही लिप्यांतील नावे साठवून, पुन्हा वाचून ताडून पाहतात.