घोंगडीची लोकर: समज आणि वस्तुस्थिती

लोकर काढायची म्हणजे मेंढीचा जीव घ्यायचा, असं अजूनही अनेकांना वाटतं. जीव घेऊन मिळवली जाणारी लोकर म्हणजे शाहतूश. ती तिबेटच्या पठारावरच्या चिरू या रानटी प्राण्याची, आणि तिच्या व्यापारावर बंदी आहे. मेंढीची लोकर मात्र कातरीनं उतरवतात आणि ती पुन्हा वाढते. दख्खनी मेंढ्या वर्षातून साधारण दोनदा कातरतात. न कातरलेल्या मेंढीला उकाडा सोसत नाही, अंगात काटे-कुसळं अडकतात, गोचिडांना आसरा मिळतो.

अर्थात क्रूरता कुठेच नाही, असंही नाही. ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांना माश्यांच्या अळ्या लागू नयेत म्हणून शेपटीजवळच्या सुरकुतलेल्या कातडीची पट्टीच कापून काढतात. न्यूझीलंडनं 2018 साली यावर बंदी घातली. दख्खनी मेंढीची कातडी तशी सुरकुतलेली नसते, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही.

मग लेबल पाहून घेतलं की झालं? वूलमार्क हे 1964 पासूनचं चिन्ह लोकरीची शुद्धता आणि दर्जा सांगतं. मेंढी कशी सांभाळली, हे सांगत नाही. मेंढ्यांची आणि चराऊ जमिनीची निगा तपासणारी प्रमाणपत्रं वेगळी आहेत, पण त्यांना तपासणी, कागदपत्रं आणि पैसा लागतो. दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरून कोकणात जाणाऱ्या धनगराकडे ते प्रमाणपत्र नसेल, तर त्यावरून त्याच्या मेंढ्यांबद्दल काहीच ठरत नाही.

सगळ्यात मोठा आणि मला सगळ्यात जास्त सलणारा गैरसमज म्हणजे धनगर लोकरीवर जगतो. त्याचा पैसा येतो कोकरं विकून आणि खतासाठी शेतात मेंढ्या बसवून. काळ्या, जाड्या लोकरीला इतका कमी भाव मिळतो की पुष्कळदा कातरणीची मजुरीही सुटत नाही, आणि लोकर माळावर टाकून दिली जाते. साहजिकच पशुपालक मांसासाठी माडग्याळसारख्या वजनदार, जेमतेम लोकर असलेल्या मेंढ्यांशी संकर करतात. यात त्यांचा काय दोष? पण त्यातून घोंगडीचा कच्चा मालच आटत चालला आहे. म्हणून आपल्याकडे लोकरीच्या नैतिकतेचा खरा प्रश्न मोबदल्याचा आहे: धनगराला, सूत कातणाऱ्या बाईला आणि विणणाऱ्या सनगराला काय मिळतं?

‘एका घोंगडीला एवढे पैसे?’ असं विचारणाऱ्यांनी काम किती असतं ते पाहावं. लोकर निवडायची, पिंजायची, चरख्यावर कातायची. हे कातणं बहुतेक बायकाच करतात आणि विणण्यापेक्षा जास्त दिवस त्यातच जातात. मग ताणा लावून त्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि खड्ड्याच्या मागावर विणायचं. रंग बहुधा द्यावा लागत नाही. काळा रंग मेंढीचाच असतो.

घोंगडी टोचते म्हणजे लोकरीची ॲलर्जी, हेही बहुतेक वेळा खरं नसतं. सुमारे 30 मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं त्वचेत रुततात, एवढंच. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या, म्हणजे जावळाच्या लोकरीची घोंगडी मऊ असते आणि तिला मानही मोठा. जाडी लोकर अंथरायला, पावसात डोक्यावरून खोळ घ्यायला उत्तम. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा शोषून घेते, तरी ओली लागत नाही.

विकत घेताना सुट्या धाग्याचं टोक जाळून पाहा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. कृत्रिम धाग्याची वितळून कडक गोळी होते. मात्र ही परीक्षा धागा कशाचा ते सांगते, तो कोणी कातला ते नाही. ते विणकरालाच विचारावं लागतं: लोकर कोणत्या भागातली, सूत कोणी कातलं, कातणारीला किती मिळाले. पट्टणकोडोलीसारख्या जत्रेत घोंगड्या विकणारे भेटतात. तिथे हे विचारायला संकोचू नका.